इतक्यात बरी नका करू

मंगळवार, ७ ऑक्टोबर

केंद्राचं कुलूप उघडायच्या आधीच पायरीवर तिघं येऊन बसलेले. एक बाप, एक आत्या आणि दोघांच्या मधे एक पोरगी. धामणगाव बढ्याहून पहिल्या बसनं आले होते. बापाचं नाव तुळशीराम, भाजीपाल्याची शेती. आत्या सरस्वतीबाई. बोलायचं काम सगळं आत्याकडं.

मी ‘बसा’ म्हणायच्या आत तिनं सुरू केलं. “मॅडम, पोट्टीले कोनं काई केलं असन पाहा. दोनदा पाहुणे आले, दोन्ही टायमाले हे अशी मुकी. नाव इचारलं तं भिंतीकडं पाहून राह्यली. शिक्षण इचारलं तं भिंतीकडं. पोराची माय म्हने, हिले आयकू येत नाई का? आता साऱ्या मोताळा तालुक्यात झालं, तुळशीरामची पोरगी डोक्यानं कमी हाय.”

पोरीचं नाव डिंपल. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, अंगानं काटक. बापाला विचारलं, तुम्हाला काय वाटतं? तो म्हणाला, “मले काय समजते मॅडम. घरात चांगली बोलते. पाहुणे आले का तोंडाले कुलूप.” आत्याचं म्हणणं, सैलानी बाबाच्या दर्ग्यावर नेऊन आणू. बापाचं म्हणणं, आधी बुलढाण्याच्या मॅडम करू. म्हणजे मी आणि बाबा एकाच रांगेत, माझा नंबर आधी लागला इतकंच. वीस वर्षं या जिल्ह्यात समुपदेशन करून ही आपली पत.

आत्याला खोलीबाहेर काढायला घाम फुटला. “माह्याहून काय लपवाचं हाय?” म्हणत ती दाराशीच उभी. शेवटी दार लावून घेतलं. डिंपलनं आधी भिंतीवरचं माझं पोस्टर वाचलं, ‘मन मोकळं करणं म्हणजे वेड नव्हे’. मग पहिल्यांदा तोंड उघडलं.

“किती येळा या लागन मॅडम?”

“आठ-दहा वेळा तरी. दर मंगळवारी.”

“आठवड्यातून दोनदा नाई का?”

लोक माझ्याकडून लवकर सुटका कधी होईल ते विचारतात. जास्त वेळा येऊ का, असं विचारणारी ही पहिलीच. पहिल्याच भेटीत इतका विश्वास टाकला, मला फार बरं वाटलं. बापाला बजावलं, पुढच्या वेळेपासून तिला एकटीला पाठवा, सोबत घरचं कुणी असलं की मुली मोकळ्या होत नाहीत. त्यानं मान हलवली. आत्यानं कपाळाला आठ्या घातल्या, त्या तिच्या तिनं सांभाळाव्यात.

घरी आल्यावर अविनाशला हे कौतुकानं सांगितलं. नवरा म्हणून त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, आमटीत मीठ घालायचं राहिलंय का?

मंगळवार, १४ ऑक्टोबर

विश्वास वगैरे शब्द मी मागे घेते.

अकराची वेळ दिली होती. धामणगावची बस आठच्या सुमारास स्टँडवर लागते. बाईसाहेब सव्वाअकराला उगवल्या. तोंड लालबुंद, केस ओले, सलवारखाली कॅनव्हासचे बूट आणि त्यांवर बोटभर धूळ. आल्या आल्या माझा पाण्याचा जग रिकामा केला.

“कसं वाटतंय?” “चांगलं.” “मनात काय चाललंय?” “काई नाई.” “घरी कुणाशी बोलावंसं वाटतं?” “सगळ्याईशी.” असा माझा पाऊण तास गेला. शेवटी कागद दिला, म्हटलं मनात येईल ते काढ. तिनं एक लांबट गोल काढला, त्याच्या आत दुसरा, त्याच्या आत तिसरा. मग पेन्सिल हातात धरूनच खुर्चीत झोपली. खरंच झोपली, घोरली.

मी कागदाखाली लिहून ठेवलं, ‘घुसमट, त्याच त्या चक्रात अडकल्याची भावना, बाहेर पडायची वाट नाही.’ अशी चित्रं बोलतात, पण काढणारी बोलेल तर शपथ.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

दिवाळीनंतर आली. फराळाचा डबा आणला असेल असं मला उगाच वाटलं. डबा होता, त्यात भिजवलेले हरभरे. ते संपवून पिशवीतून तीन केळी काढून खाल्ली. उदास माणसाची भूक मरते असं आम्हाला शिकवलंय. हिची भूक बघून मलाच भूक लागली.

आज सरळ विचारलं. आठला बुलढाण्यात उतरतेस आणि सव्वाअकराला माझ्याकडं येतेस, मधले तीन तास असतेस कुठं? ती बुटाच्या नाड्यांकडं बघत बसली. म्हटलं, कुणी मुलगा आहे का? मी घरी सांगणार नाही, इथलं बोलणं इथंच राहतं.

डिंपल पहिल्यांदा हसली. “मॅडम, त्याले येळ कुठी हाय?”

म्हणजे आहे. नसता तर नाही म्हणाली असती. आता या मुलाला शोधून काढणं आलं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

आमच्या संस्थेचे सचिव वामनराव केंद्रावर आले. त्यांना अहवालासाठी ‘बऱ्या झालेल्या केसेस’ हव्यात, फोटोसह. त्यांना म्हटलं, मन म्हणजे मोडलेला हात नव्हे, प्लास्टर काढलं की बरा. ते म्हणाले, “अनुपमाताई, तुमचं बरोबर हाय, पण आकडा तं लागन ना.” वर म्हणाले, गावोगाव जाऊन जनजागृतीचे कार्यक्रम घ्या, त्यात फोटोही मिळतात. चहा पिऊन गेले. कपही उचलला नाही.

तुळशीरामचा फोन आला. तुळशीची लग्नं लागली, गावात ज्या त्या घरी पाहुणे यायला लागले, यांच्या दाराकडं कुणी फिरकत नाही. पोरीच्या डोक्याची गोष्ट सगळीकडं पोचलीय. “मॅडम, हे वेडेपणाचं कसं पुसाचं?” बिचाऱ्याचा आवाज पार खाली गेला होता. माझा जीव तुटला आणि संतापही आला. एक मुलगी चार लोकांसमोर गप्प बसली तर तिला वेडी ठरवून मोकळे. या जिल्ह्यात वीस वर्षं घसा कोरडा करतेय, कुणाच्या कानात काही शिरलं असेल तर शपथ.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज जे पाहिलं ते आधी लिहून काढते.

डिंपलची ओढणी सरकली आणि मानेवर खूण दिसली. उजव्या बाजूला, जबड्याच्या खाली, काळसर डाग, कातडी घासून सोललेली. मी खुर्चीवरून उठलेच. “हे काय?” तिनं ओढणी ओढून घेतली. “काई नाई मॅडम, लागलं.” “मानेला? कुणी लावलं?” “कोनं नाई, माह्यानंच लागलं.” उजवा हात वर करताना कळवळत होती, तेही मी पाहिलं.

या ‘माझ्यानंच लागलं’ची मला चांगली ओळख आहे. नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बायका हेच सांगतात. आता कळलं ही पाहुण्यांसमोर मुकी का होते. घरात कुणीतरी हिची मान धरतंय. बाप? आत्या? बापाचा फोनवरचा तो पडलेला आवाज आठवला आणि त्याचाच राग आला.

परवा धामणगावला जाते. न सांगता.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

राजूर घाट उतरताना बसमध्ये काय काय बोलायचं ते ठरवत होते. त्यातलं निम्मंही जमलं नाही, कारण तोंडात सारखे पोहे.

या लोकांना पाहुणा आला की आधी खायला घालायचं, मग तो शिव्या द्यायला आलाय की काय ते बघायचं. पोहे झाले, चहा आला. साखर नको म्हटलं, मला शुगर आहे. मग केळी आली. पुन्हा सांगितलं. आत्यानं केळं सोलून हातात दिलं. शेवटी तुळशीरामच तिच्यावर खेकसला, “मॅडमले शुगर हाय, केळं चालत नाई, कितीक येळा सांगतीन त्या?” निदान त्याचे कान शाबूत आहेत.

त्याला मळ्याच्या बांधावर नेऊन सरळ विचारलं, मुलीच्या मानेला काय झालं? त्याला प्रश्न कळायला वेळ लागला, आणि कळल्यावर खाली बसला. “मॅडम, मी ढोरावर हात उचलत नाई. पोरीची मान धरीन का?” डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. मी इतकी माणसं पाहिली आहेत, खोटं रडणारी मला कळतात. हा खोटं रडत नव्हता. मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं.

मग आत्या राहिली. पण तिच्या तोंडातच इतका जोर आहे की हाताची गरज पडत नसावी.

डिंपलची आई विमलबाई सबंध वेळ मोरीवर बसून पांढरे बूट घासत होती. मुलाचे असावेत, राम नावाचा धाकटा भाऊ आहे तिचा. ती जागची उठली नाही. निघताना मात्र कोपऱ्यापर्यंत सोबत आली, मागं वळून पाहिलं आणि हळूच म्हणाली, “मॅडम, तिले इतक्यात बरी नका करू.”

सख्खी आई. मुलगी आजारी राहिली तर घरात राहील, हाताशी राहील, असा हिशेब असणार. हे अज्ञान की स्वार्थ, मला ठरवता येत नाही. ठरवलं मात्र एक. आता या गावालाच चार शब्द ऐकवायचे. वामनरावांना त्यांचे फोटोही मिळतील.

रविवार, २३ नोव्हेंबर

कार्यक्रम झाला आणि चांगला झाला. मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात माणसं मावत नव्हती. सतरंजी, माईक, वामनरावांचा सत्कार, सगळं यथासांग.

मी तासभर बोलले. म्हटलं, ताप आला की डॉक्टरकडं जाता, तसं मन थकलं की आमच्याकडं या. येणारा माणूस वेडा नसतो. आमच्याकडं शिक्षक येतात, सुना येतात, मुलाला मोबाईलपासून सोडवा म्हणणारे बाप येतात. एकेक वाक्यावर माना हलत होत्या. इतकी शांतता मला क्वचित मिळते.

शेवटी मागून शंकरराव म्हणून एक म्हातारे उठले. “ते सगळं ठीक हाय मॅडम. पण तुळशीरामची पोट्टी मंग काऊन येते तुमच्याकडं? थे तं डोक्यानं गेली म्हन्तात.”

लोक हसले. डिंपल बायकांत बसली होती, तिनं मान खाली घातली. आणि माझा तोल गेला. तासभर दगडावर पाणी ओतलं होतं मी. माईक तोंडाशी धरून म्हटलं, “डिंपलला काहीही झालेलं नाही. तुमच्या-माझ्यापेक्षा ठणठणीत आहे ती. मी, समुपदेशक म्हणून, सगळ्यांसमोर सांगते.”

नाव घ्यायला नको होतं, माहीत आहे. इथलं बोलणं इथंच राहतं, असं मीच म्हणाले होते. पण कधीतरी कुणीतरी हे ठासून सांगायलाच हवं होतं. तुळशीराम हात जोडून उभा राहिला. आत्यानं चक्क माझे पाय धरले. वामनराव म्हणाले, असा कार्यक्रम तालुक्यात झाला नाही.

डिंपल मात्र न भेटताच निघून गेली. तिच्या आईनं जाताना एकदा माझ्याकडं पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला लागला नाही. या बाईचं काही बिनसलेलं आहे, तिलाही एकदा केंद्रावर बोलवायला हवं.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

अकरा वाजले, बारा वाजले, डिंपल नाही. फोन केला. तुळशीरामनं उचलला, आवाज खणखणीत.

“आता काऊन पाठवाची मॅडम? तुम्हीच म्हन्ल्या ना, ठणठणीत हाय. रविवारी पाहुणे येऊन राह्यले, लोणारचे. सरस्वतीनं जमवलं. पोरगा दुकान चालवते, राजकुमार नाव हाय.”

मी अभिनंदन केलं. दुसरं काय करणार? डिंपलला फोन द्या म्हटलं, तर ती विहिरीवर गेलीय म्हणाला. वामनरावांना कळवलं, एक केस बंद. त्यांनी अंगठा पाठवला.

मला आनंद व्हायला हवा होता. दिवसभर चिडचिडच होत राहिली, शेवटी कपाट आवरायला काढलं.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

दुपारी एक मुलगी आली. नाव काजल, डिंपलच्याच वयाची, तशीच काटक, तसेच धुळीचे बूट. हातात कापडी पिशवी. “डिंपल इथं येते ना मॅडम? तिचा गोळा माह्याकडं राह्यला.”

तिनं पिशवी टेबलावर ठेवली आणि टेबल हललं. आत लोखंडी गोळा.

मी म्हटलं, हे काय? ती म्हणाली, “गोळाफेकीचा. चार किलोचा असते पोरींले. मंगळवारी क्रीडा संकुलात असते ना आमची प्रॅक्टिस. पोलीस भरतीची मैदानी चाचणी फेब्रुवारीत हाय म्हन्तात. ते आली नाई मंगळवारी, सर इचारत होते. आठशे मीटरले तिच्या पुढं कोणी नाई मॅडम, गोळाच तेवढा कमी पडते. आता जमून राह्यला होता.”

मी विचारलं, गोळा धरतात कसा? तिनं पिशवीतून काढला आणि मानेला टेकवला. उजव्या बाजूला, जबड्याच्या खाली. “असा घासते मॅडम. सुरवातीले साऱ्याईचीच कातडी निघते.”

ती गेल्यावर मी डिंपलचं ते चित्र काढून पाहिलं. लांबट गोल, आत गोल, आत गोल. संकुलाच्या गेटवरून मी रोज जाते. पळायच्या पट्ट्या आहेत त्या, शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी खाली ‘घुसमट’ लिहिलंय, माझ्या सुवाच्य अक्षरात.

आधी भयंकर राग आला. या पोरीनं मला बसचा पास करून वापरलं. मी तिच्या बालपणाचे प्रश्न विचारत होते आणि ती हरभरे खात दम घेत होती. वेडी म्हणवून घ्यायला तयार झाली, कारण वेडीला बघायला पाहुणे येत नाहीत आणि वेडीला आठवड्यातून एकदा एकटीला बुलढाण्याला पाठवतात. एकटीला पाठवा हे मीच तर सांगितलं होतं. मग तो राग उतरला आणि दुसराच चढला, तो माझ्यावर. भर मंडपात माईकवरून मी तिला शहाणी करून टाकलं.

अविनाशला सगळं सांगितलं. या वेळी त्यानं ताट बाजूला सारून ऐकलं. म्हणाला, “आता काय करशील? ती वेडी आहे असं सांगशील?”

मी त्याचं ताट परत त्याच्यापुढं सरकवलं.

रविवार, ३० नोव्हेंबर

गोळा पिशवीत घालून सकाळच्या बसनं गेले. खांदा निखळायची वेळ आली. अंगणात तुळशीराम पुढं आला, पिशवी घेतली आणि दचकला. “लई जड हाय मॅडम. काय भरून राह्यल्या?” मी म्हटलं, पुस्तकं. पटकन दुसरं काही सुचलं नाही. त्यानं पिशवी दोन्ही हातांनी धरली, खालून एकदा चाचपली, माझ्याकडं पाहिलं, आणि स्वतः नेऊन मधल्या खोलीत डिंपलच्या कॉटखाली ठेवली. पुस्तकं इतकी गोल लागत नाहीत, पण त्याच्या ते लक्षात आलं नसावं. पाहुण्यांच्या गडबडीत होता.

डिंपल स्वयंपाकघरात, अंगावर हिरवी साडी, डोळे सुजलेले. विमलबाई पोहे परतत होती. काजल येऊन गेली म्हटल्यावर दोघी थिजल्या.

“मला आधी का नाही सांगितलंस?” मी विचारलं.

“तुम्ही घरी सांगतलं अस्तं.”

“नसतं सांगितलं.”

तिनं नुसतं माझ्याकडं पाहिलं. साऱ्या गावाला सांगून बसलेली बाई मी, पुढं काय बोलणार?

“घरात तरी सांगायचंस.”

“सांगतलं होतं ना. मागच्या साली. आत्या म्हने पोलिसात गेलेल्या पोरीले पोरगा भेटत नाई. बाबा म्हने मैदानावर पोरं असतात. चार महिने बोलून राह्यली मॅडम, रोज. शहाणी होती तवा कोनं नाई आयकलं. वेडी झाली तं दुसऱ्याच आठवड्यात बसमधी बसवून देलं.”

विमलबाईचा झारा थांबला होता. मी म्हटलं, मग आजही गप्प बस. डिंपल म्हणाली, “आता जमत नाई. आता बिमारी नाई म्हनत, उद्धट म्हन्तीन. तुम्हीच ठणठणीत म्हन्ल्या.”

तेवढ्यात गाडीचा आवाज आला.

मुलाची आई रुखमाबाई भारदस्त बाई. राजकुमार खाली मान घालून पोहे खात होता, तसा गरीब वाटला. डिंपलला पाटावर बसवलं. नाव विचारलं, तिनं नाव सांगितलं. शिक्षण विचारलं, सांगितलं. आत्याच्या तोंडावर सुटका झाल्याचं हसू. लोणार लांब पडतं, तिकडं काही पोचलेलं नव्हतं. रुखमाबाईनं कुंकवाचा करंडा जवळ ओढला, आणि माझ्याकडं वळून विचारलं, “ह्या कोण म्हणायच्या?”

आत्या घाईनं म्हणाली, “बुलढाण्याच्या हायत, पाहुण्या.”

मला वाटतं मी काही ठरवलं नव्हतं. तोंडातून आपोआप गेलं. “मी समुपदेशक. लोक मनाच्या अडचणी घेऊन येतात ना, ते केंद्र चालवते. डिंपल दर मंगळवारी येते माझ्याकडं. फेब्रुवारीपर्यंत तरी येत राहील.”

रुखमाबाईचा हात करंड्यावरच राहिला. “मनाच्या म्हंजी? कशापायी जातीय ही?”

“तिला काहीही झालेलं नाही,” मी म्हटलं. “अगदी ठणठणीत आहे.”

मागच्या रविवारी याच वाक्यावर अख्ख्या गावानं विश्वास ठेवला होता. आज एकानंही ठेवला नाही. रुखमाबाईनं पोह्यांची बशी खाली ठेवली, करंडा हलकेच मागं सारला आणि म्हणाली, घरी इचारून कळवतो. चहाला थांबले नाहीत.

मी एक शब्द खोटा बोलले नाही, हे मी स्वतःला बसमध्ये परत परत सांगितलं. पण वीस वर्षं ज्या समजुतीशी भांडले तीच आज हाताला लागेल तशी उचलून फेकली. बरं वाटलं का? वाटलं. त्याचंच वाईट वाटतंय.

आत्यानं मागं काय आकांत केला तो लिहीत नाही. कालपरवा पाय धरले होते, त्याच बाईनं माझे सगळे पूर्वज काढले. तुळशीराम स्टँडपर्यंत सोबत आला. त्याला सगळं सांगायचं ठरवलं होतं, पण धीर होईना. बस दिसली तेव्हा त्यानं विचारलं, “मॅडम, फेब्रुवारी म्हन्ल्या ना, ते सुरवातीले का आखरीले?”

म्हटलं, का हो?

“असंच. मिरचीचे तोडे असतात तवा. म्हनून इचारलं.”

मुलीच्या आयुष्याचं काय चाललंय आणि या माणसाला मिरची सुचते. मी म्हटलं, नक्की माहीत नाही, कळलं की सांगते.

मंगळवार, २ डिसेंबर

डिंपल आली. सव्वाअकराला. जग रिकामा केला.

मी म्हटलं, उद्या तुला खरंच लग्न करावंसं वाटलं तर? हे वेडेपणाचं नाव चिकटून बसेल, ते मीच अजून घट्ट केलंय. रात्रभर याच विचारानं झोप नव्हती. ती बुटातली माती माझ्याच केराच्या डब्यात झटकत म्हणाली, “वर्दी असली का डोकं कोन पाहते मॅडम?”

हिला सगळंच सोपं वाटतं. म्हटलं, आणि भरती नाही झाली तर? त्यावर मात्र तिनं झटकायचं थांबवून बूट खाली ठेवला. मग बोलायला लागली, भीती वाटते म्हणाली, आणि तासभर थांबली नाही. इतक्या दिवसांत समुपदेशन असं आजच झालं.

वामनरावांना कळवलं, बंद केस परत उघडली. त्यांना कारण हवंय. म्हटलं, प्रकृतीत चढउतार.

मंगळवार, ९ डिसेंबर

तुळशीरामनं आज मुलीला स्वतः मोटरसायकलवर आणून सोडलं. बस असताना एवढ्या थंडीत घाट चढून यायची काय गरज होती कोण जाणे. अंधारातच निघाले असणार, डिंपल म्हणाली आज सातच्या आतच पोचले. तो केंद्रात आलाच नाही, भाजी घेऊन बाजारात गेला. दुपारी फोन केला.

“मॅडम, आठवड्यातून एक येळ पुरून राह्यली का? दोनदा पाठवली तं लवकर बरी होईन का?”

मी म्हटलं, हो, दोनदा पाठवलीत तर उत्तमच, मंगळवारी आणि गुरुवारी. इतका भोळा माणूस मी पाहिला नाही. त्याला सगळं सांगून टाकावं असं तोंडावर आलं होतं, पण म्हटलं मैदानी होऊ दे, मग सांगू. डिंपललाही म्हटलं, बाबांना इतक्यात काही बोलू नकोस. ती म्हणाली, हाव.

आणि माझ्यासाठी केळी पाठवली आहेत. थोडीथोडकी नाहीत, अख्खा घड. “मॅडमले द्या” म्हणून सांगितलंय म्हणे. आता काय बोलायचं? शुगर आहे, केळं चालत नाही, हे त्याच्याच घरात दोनदा सांगितलं, त्यानंच बहिणीला त्यावरून झापलं, आणि आता स्वतः घड पाठवतो. या लोकांना काही सांगून उपयोग नसतो.

डिंपललाच देऊन टाकला. चार तिनं तिथंच खाल्ली, बाकी गुरुवारसाठी ठेवून गेली.